कोणाच्या गुडघ्याएवढं?

ताई, तुझ्या जलदानविधीला येताना वळण चुकलो. नेरळच्या बाजूनं इतक्या इमारती उभ्या राहिल्या आहेत की पोशीरकडे वळायची जुनी खूण, ती दोन आंब्याची झाडं, दिसलीच नाहीत. एका माणसाला तुझं घर विचारलं. तो म्हणाला, "हाकेवर हाय." मी गाडी तशीच पुढे नेली. हाकेच्या मानानं तुझं घर बरंच लांब निघालं. तू असतीस तर त्या माणसाला तिथेच थांबवून विचारलं असतंस, कोणाच्या हाकेवर?

तुझ्या निधनाची चौकट आपल्या पेपरात आली. ती मीच लिहिली. शिक्षण, वय, मागे कोण कोण, सगळं तिच्यात आहे. ते इथे पुन्हा लिहीत नाही. चौकटीत जे बसलं नाही, ते तुला सांगायचं आहे. त्यातलं बरंचसं तुला माहीत आहे. पण फोन ठेवायच्या आधी मजकूर परत वाचून दाखवायला लावायची तुझी पद्धत होती. "वाच रं एकदा, काय लिवलंस ते," असं म्हणायचीस. तेच करतो आहे असं समज.

आपलं नातं सांगायला सोपं होतं. कर्जत आणि खालापूरच्या पानासाठी तू बातम्या द्यायचीस, मी पनवेलच्या कचेरीत बसून त्या तपासायचो. इतक्या वर्षांत समोरासमोर भेट क्वचितच झाली, आणि झाली तेव्हा बहुतेक वेळा दोघंही कुठल्यातरी सभेत खुर्चीवर बसलेलो होतो. बाकी सगळं फोनवर. तुझा आवाज भरदार होता, त्यामुळे पहिल्यांदा भेटलीस तेव्हा मी तुझ्या मागे कोणी उभं आहे का ते पाहिलं. तुझ्या ते लक्षात आलं. "मीच ती," तू म्हणालीस. "आवाज मोठ्या भावाचा घेतला, उंची ऱ्हायली घ्यायची."

पहिला वाद पहिल्याच बातमीवर झाला. कर्जतला पाण्याच्या प्रश्नावर सभा होती. तू सांगितलंस, "सभेला अंदाजे सुमारे शंभर माणसं होती."

मी म्हणालो, "अंदाजे की सुमारे? एकच घ्या. दोन्हींचा अर्थ एकच आहे."

"एक नाय. पुढची बसलेली मी मोजली. एखाददुसरं चुकलं असंल, ते सुमारे. मागं झाडाखाली उभी होती ती नजरेनं घेतली, ते अंदाजे."

"वाचकाला एवढा फरक कळत नाही, ताई."

"तुमाला कळला ना? मग तुमी काय वाचक नाय?"

मी छापलं, 'शंभराच्या आसपास'. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा फोन आला. "माणसं सभेत बसली होती हो. आसपास कोण फिरत होतं?" मग म्हणालीस, "आणि मला तुमी नको म्हणू. फोनवर माणूस आधीच लांब असतंय." त्या दिवसापासून मी तुला तू म्हणत आलो. आताही सवय बदलत नाही.

तुझे शब्द तुझ्या हिशेबानं पक्के होते. 'जवळपास शंभर' म्हणजे शंभराच्या आत, हातभर कमी. शंभराच्या पुढे गेलं की 'शंभरावर'. 'साधारण' हा शब्द तू फक्त रोजच्या गोष्टींना वापरायचीस, बाजाराचा दर, गाडीची वेळ. अपघाताला कधी नाही. 'अपघातात साधारण काय असतं?' असं विचारायचीस. 'अदमासे' तुला आवडायचा, पण तो म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी शोभतो म्हणून तू त्यांच्या बोलण्यापुरताच ठेवला होतास. आणि जे दुसऱ्यानं पाहिलं आणि तुला सांगितलं, त्याच्या मागे तू न चुकता 'म्हणे' लावायचीस. मी ते काढून 'असे समजते' करायचो. "कोणाला समजतं?" तू विचारायचीस. "मला कुणीतरी सांगितलं. मला समजलं कुठं?"

सगळ्या वादांत तूच जिंकलीस असं मात्र नाही, हेही नोंदवून ठेवतो. 'अलोट', 'प्रचंड', 'अमाप' हे शब्द मी आपल्या पानावरून हद्दपार केले, आणि तू एकदाही भांडली नाहीस. उलट म्हणालीस, "अलोट म्हंजे मोजायचा कंटाळा." एकदा एका गावच्या बहिष्काराची बातमी देताना तू 'जवळजवळ निम्मं गाव' म्हणालीस आणि मी तुला परत पाठवलं. गल्ली गल्ली फिरून आलीस. "पाव गाव भरलं," तू सांगितलंस. "निम्मं मला त्यांच्या आवाजावरनं वाटलं. वाचवलंस." एखाद्या बातमीदारानं डेस्कला वाचवलंस म्हणावं, हे मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही ऐकलेलं नाही.

तुलना हा तुझा खरा नावडता विषय होता. त्याचं कारण मला खूप उशिरा कळलं. लहानपणी तुला कायम कशाच्या तरी मानानं मोजलं गेलं होतं. थोरल्या बहिणीच्या मानानं बुटकी, भावाच्या मानानं हुशार, वस्तीतल्या पोरींच्या मानानं तोंडाळ. एका समारंभात व्यासपीठावरून एक अधिकारी तुझं कौतुक करायला गेले. "बाईमाणसाच्या मानानं बातम्या बऱ्या देता हो." तू खुर्चीतूनच म्हणालीस, "तुमी पण साहेबाच्या मानानं लवकर आलात." तासभर वाट पाहून दमलेला सभामंडप हसला. साहेबही हसले, पण जरा मागाहून.

ज्या गोष्टीमुळे मी हे लिहायला बसलो, ती मात्र पाण्याची आहे.

तुझ्या गावाच्या अलीकडे ओढ्यावर फरशी आहे, पाणी वाढलं की वरून वाहू देणारा बुटका पूल. पावसाळ्यात तिच्यावरचं पाणी ही आपल्या पानाची नेहमीची बातमी. पलीकडे जाऊन आलेला माणूस अलीकडच्यांना ओरडून सांगतो, घोटाभर, गुडघाभर, कमरेएवढं. त्यावर टेंपो जायचा की थांबायचा ते ठरतं. गुडघ्यापर्यंत टेंपो घालायचा, वर गेलं की थांबायचं, ही तिथल्या चालकांची ठरलेली रीत. एका संध्याकाळी तू बातमी दिलीस, "फरशीवर कमरेइतकं पाणी."

मी सवयीनं विचारलं, "कोणाच्या कमरेइतकं?"

फोनवर तू हसलीस. "माझ्या. दुसऱ्याची कंबर मी कुठनं आणू?"

"मग ते फुटात सांग. तुझी कंबर वाचकानं पाहिलेली नाही."

"फूट घेऊन पाण्यात कोण उतरतंय रं?"

मी 'सुमारे अडीच फूट' छापलं. तो आपला जुना वाद. फुटाचं माप खालापूरच्या वाचकालाही कळतं आणि तुझ्या गावच्याही, हे माझं म्हणणं. आणि कळतं पण दिसत नाही, हे तुझं. तो वाद मिटला नाही. पण माझा 'कोणाच्या?' तू उचललास आणि पुढे सगळ्यांना लावलास. कोणी म्हणालं पसाभर तांदूळ दिले, की तू विचारायचीस कोणाचा पसा. कोणी म्हणालं यंदाचं भात कांकणभर सरस, की विचारायचीस कुणाच्या हातातलं कांकण. "अंदाजाला धनी लागतो," असं एकदा मला म्हणालीस. "धनी नसंल तर ती अफवा." मी हे वाक्य नव्या उपसंपादकांना सांगतो. कोणाचं ते सांगून सांगतो.

श्रावणातल्या एका दुपारी तू नेरळहून टेंपोनं परत येत होतीस. टेंपोत बाजारातून निघालेल्या बाया होत्या, शाळेतल्या मुली होत्या. फरशीवरून पाणी वाहत होतं. बाळाराम नुकताच फरशीवरून चालत अलीकडे येऊन गेला होता आणि आता पलीकडच्या काठावर उभा होता. बाळाराम म्हणजे तुमच्या गावातला सगळ्यांत उंच माणूस. दारातून वाकल्याशिवाय शिरत नाही. त्यानं हात उंच करून हाळी दिली, "गुडघाभर हाय रं, येऊ दे!"

दिलीपनं, म्हणजे टेंपोवाल्यानं, गिअर टाकला. तू म्हणालीस, "थांब."

"का गं ताई? गुडघाभर हाय."

"कोणाच्या? बोलतंय कोण ते बघ आधी."

दिलीपनं पाहिलं. "बाळाराम."

"त्याचा गुडघा बघितलास कधी? माझी मांडी संपती तिथं सुरू होतोय."

टेंपोतल्या बाया वैतागल्या. एकीचं लेकरू घरी तापानं पडलं होतं. ती म्हणाली, "तुला भ्या वाटतंय तर तू उतर गं. आमी जातो." तू उतरलीस. सगळ्यांना वाटलं रागावून उतरली. तू टेंपोच्या पुढे गेलीस, पदर खोचलास, कडेच्या दगडांना धरून पाण्यात शिरलीस आणि मागं वळून म्हणालीस, "माझ्या गुडघ्याच्या वर गेलं नाय, तर या."

फरशीच्या मध्यापर्यंतही तुला जाता आलं नाही. पाणी कमरेच्या जरा खाली लागलं, ओढ जोराची होती, आणि तुझा एक पाय सुटला. बाळाराम धावत आत आला, तुला दंडाला धरलं आणि अलीकडच्या काठाकडे ओढत राहिला. काठावरच्यांनी नंतर सांगितलं की तेवढ्यातही तुमचं दोघांचं भांडण चाललं होतं.

"अगं, गुडघाभरच हाय की!"

"तुझ्या! तुझ्या गुडघाभर!"

टेंपो थांबला. पाणी ओसरेपर्यंत सगळी तिथेच बसली. ज्या बाईनं तुला उतरायला सांगितलं होतं तिनं आपल्या बाजाराच्या पिशवीतलं कोरडं लुगडं काढून तुला दिलं. तिचं लेकरू संध्याकाळी बरं होतं, हे तू मला आवर्जून सांगितलंस. मला ते बातमीसाठी लागत नव्हतं. तुला सांगायचं होतं.

मी म्हणालो, ही बातमी दे. तू नाही म्हणालीस. मी कारण विचारलं. "घडलं काय? टेंपो थांबला. थांबलेल्या टेंपोला काय मथळा देणार?"

"बाळारामनं चुकीचं सांगितलं आणि माणसं वाचली, हा मथळा."

"बाळाराम खोटं नाय बोलला. त्याच्या गुडघाभरच होतं. तू छापलंस तर गाव त्याला जन्मभर बोल लावंल. माझं नाव चांगलं व्हायला त्याचं कशाला घालवू?"

मी अर्धा तास वाद घातला. वार्ताहराचं काम निवाडा करायचं नाही, असंही म्हणालो. तू म्हणालीस, "तेच करते. निवाडा करत नाय." ती बातमी छापली गेली नाही. आज ती छापतो आहे ती बाळारामला विचारून. तो म्हणाला, "नाव घाला. ताई गेली, आता मला कोण सांभाळणार? खरं हाय तेच सांभाळंल."

पण त्या दुपारचं एक झालं. पुढच्या आठवड्यात बाळाराम तुझ्या दारात आला. शर्यतीच्या बैलांची शिंगं रंगवायला आणलेला लाल रंग त्याच्या हातात होता. तो तुला फरशीच्या तोंडाशी घेऊन गेला, तिथल्या दगडी खांबाला टेकून उभी राहा म्हणाला, आणि तुझ्या गुडघ्याशी एक रेघ मारली, कमरेशी एक. तू ओरडत होतीस, "लुगड्याला लावू नको, नवं हाय!" दोन रेघा, वर काही लिहिलेलं नाही. खालच्या रेघेपर्यंत टेंपो. वरच्या रेघेला कोणीच नाही. गावात त्या रेघांना नाव पडलं, ताईचा गुडघा आणि ताईची कंबर. पुढे कोणीतरी शेजारी मीटरचे आकडे असलेली लोखंडी पट्टीही लावली. ती अजून आहे. ती कोणी वाचत नाही.

मी तुला विचारलं होतं, गावात इतकी माणसं, माप तुझंच का? तू म्हणालीस, "मी सगळ्यांत बुटकी. माझ्या गुडघ्याला चाललं तर सगळ्यांना चाललं. उंच माणसाच्या अंदाजानं उंच माणूस तरतो." मग लगेच विषय बदललास आणि एका रस्त्याच्या कामाची बातमी दिलीस. ती बातमी मला आठवत नाही. हे आठवतं.

त्यानंतर तू पाण्याची बातमी द्यायचीस ती अशी, "पाणी माझ्या गुडघ्याच्या खाली." मी फूट छापायचो. माझा आक्षेप मी मागे घेतलेला नाही, ताई. खालापूरच्या माणसाला तुझा गुडघा कुठे माहीत असणार? पण तो प्रश्न रास्त असला, तरी खालापूरचा माणूस त्या फरशीवरून जातो किती वेळा, हा तुझा उलट प्रश्नही रास्त होता. दोन्ही तसेच राहिले.

एक गोष्ट तुला कोणी सांगितली नाही. तू दवाखान्यात होतीस तेव्हा पुरात आलेल्या ओंडक्याच्या धडकेनं तो खांब पडला आणि वाहून गेला. गावानं तिथे सिमेंटचा नवा खांब उभा केला. तो कोरा होता. तू बरी होऊन आलीस की पुन्हा टेकून उभी करू, असं ठरलं होतं. तू आली नाहीस.

जलदानविधी झाला. वंदना झाली, जेवणं झाली. नंतर बाया भांडी आवरत असताना बाळाराम अंगणात उभा राहून म्हणाला, "खांबाचं काय करायचं? पाऊस अजून हाय." तुझी लेक सुजाता म्हणाली, "मी टेकून उभी राहीन, पण मी आईपेक्षा वीतभर उंच आहे."

"वीत कोणाची?" एक म्हातारी म्हणाली, आणि तिथे पहिल्यांदा सगळे हसले. सुजाताही.

मग तुझी उंची काढायला सगळं गाव बसलं. एक म्हणाली, चुलीच्या मागच्या फळीला तिचा हात पुरायचा. दुसरी म्हणाली, पुरायचा नाय, पाटावर चढायची. बाळाराम म्हणाला, ताई माझ्या खिशाला लागायची. "शर्टाच्या की पँटीच्या?" दिलीपनं विचारलं. म्हातारी म्हणाली, "ती एवढी काय बुटकी नव्हती." सुजाता म्हणाली, "होती गं आजी." ते माझ्याकडे वळले. तुमी पेपरवाले, तुमी सांगा. मी म्हणालो, मला माहीत नाही. मी तिला बहुतेक बसलेलीच पाहिली. ही माहिती अचूक होती, आणि निरुपयोगी.

शेवटी बाळाराम म्हणाला, "मला माहीत हाय. त्या दिवशी मी तिच्या बाजूला उभा होतो पाण्यात. माझ्या गुडघ्याला होतं, तिच्या इथं." त्यानं वाकून आपल्या गुडघ्याच्या उंचीवर शेजारच्या हवेत हात धरला, तिथे तुझ्या कमरेच्या जरा खालचा भाग आला असता, आणि हात हलवला नाही.

आम्ही सगळे फरशीवर गेलो. बाळारामनं पँट वर दुमडली आणि खांबाला पाय लावून उभा राहिला. ज्या गुडघ्यामुळे त्या दिवशी टेंपो बुडाला असता, त्याच गुडघ्यावरून तुझं माप निघत होतं. त्याचा गुडघा म्हणजे तुझ्या कमरेच्या जरा खाली. कंबर मिळाली. तिच्यावरून गुडघा काढायचा तर दोन मतं पडली. दोन खुणा खडूनं झाल्या, त्यांच्यात बोटभर अंतर. बराच वेळ वाद झाला. कोणीतरी म्हणालं, मधली घ्या. टेंपोतली ती लेकराची बाई आली होती. ती म्हणाली, "खालची घ्या. ताईनं खालचीच घेतली असती."

खालची घेतली. सुजातानं रेघ मारली. रंग लालच होता.

ताई, तुझ्याकडून मला काय मिळालं याची नोंद मला नीट करता येत नाही. माझा एक डेस्कवरचा प्रश्न होता, रोज शेकडो वेळा विचारून बोथट झालेला. तू तो घेऊन पाण्यात उतरलीस. त्यानंतर मी तो सवयीनं विचारलेला नाही. एवढं मी खात्रीनं सांगू शकतो. बाकीचं अंदाजे, आणि त्या अंदाजाचा धनी मी आहे.

काल दुपारी कचेरीत फोन वाजला. नंबर तुझा होता. सुजातानं तुझा फोन बाळारामला दिला आहे, पाण्याची बातमी आता तो देणार आहे. मला ते माहीत नव्हतं.

"साहेब, लिवून घ्या," तो मोठ्यानं म्हणाला. मागे पाण्याचा आवाज होता. "फरशीवर पाणी गुडघ्याच्या खाली. टेंपो चालू हायत."

मी विचारलं, "कोणाच्या?"

"कोणाच्या म्हंजे?" बाळाराम म्हणाला. "ताईच्या."

मी तसंच लिहून घेतलं, त्याला परत वाचून दाखवलं, आणि आजच्या पानावर तसंच छापलं आहे.